पुढच्या चाकातील खटखट आणि टायरची घासण : भाग बदलण्यापूर्वी रोग ओळखा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या धंद्यात मोटारीचा वाटा आज केवढा झाला आहे, हे वेगळे सांगावयास नको. कापडाचे तागे, चपलांचे खोके, बेकरीचा माल, शिलाईची यंत्रे, फर्निचरचे सुटे भाग असे सर्व काही छोट्या मोटारीतून वाड्या-वस्त्यांपर्यंत जाते. गाडी मुकाट्याने चालते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मग एके दिवशी पुढच्या चाकाकडून खटखट सुरू होते, वळणावर टायर कशाला तरी घासल्याचा खर्र असा आवाज येतो. मालक गाडी गॅरेजात नेतो आणि "आवाज काढून टाका" एवढेच सांगून दुकानाकडे पळतो. नुकसानीची सुरुवात बहुधा इथूनच होते. खटखट ऐकून अंदाजाने शॉकअप बदलले जातात, आठ दिवसांनी आवाज पुन्हा हजर होतो, आणि मालक व मिस्त्री यांच्यात कायमचे वितुष्ट येते.

या विषयावर लिहिण्याचे कारण मावळातील रस्ते होत. कापडाच्या धंद्यानिमित्त आम्ही कामशेत, पवनानगर आणि पुढे तिकोणा पेठेपर्यंत बरीच वर्षे जात-येत आहोत. लग्नसराई असो, दिवाळी असो की ईद, त्या बाजूच्या दुकानदारांना माल वेळेवर लागतो. कामशेतला जुना मुंबई-पुणे रस्ता सोडला की पवनानगर, ज्याला जुने लोक अजून काले कॉलनी म्हणतात, आणि तिथून धरणाच्या कडेकडेने तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ लागते. पौडकडून यावयाचे तर कोळवण-जवण मार्गे यावे लागते, आणि लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून. तिन्ही बाजूंनी चढ, उतार आणि आखूड वळणे आहेत. या पट्ट्यात लोणावळ्यासारख्या ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. डांबराची कड वाहून जाते, खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली समजत नाही, आणि भातखाचरांमधल्या रस्त्यावर समोरून वाहन आले की एक चाक कडेखाली उतरवावेच लागते. शिवाय पवना धरणाभोवती तंबूत राहावयास येणाऱ्या हौशी मंडळींची वर्दळ वाढल्याने शनिवार-रविवारी हा प्रसंग दर मैलाला येतो. पुढच्या चाकाच्या सांध्यांची खरी परीक्षा पाहावयाची तर एक पावसाळा तिकोणा पेठेच्या रस्त्यावर गाडी चालवावी.

आता चाकामागे असते काय, ते थोडक्यात समजून घेऊ. जुन्या अॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार होते, प्रीमियर पद्मिनीला दुहेरी आर्म आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंग होती. ग्रीस गन घेऊन ठरावीक मुदतीत सांध्यांत ग्रीस भरावे लागे, आणि त्या निमित्ताने मिस्त्रीची नजर तिथे पडत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा मॅकफर्सन पद्धतीची रचना आपल्याकडे घरोघरी पोहोचली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना फोर्ड कंपनीने १९५० साली इंग्लंडमध्ये कॉन्सल आणि झेफायर या गाड्यांत वापरली होती. हिच्यात वरचा आर्म नसतोच. शॉकअप आणि त्याच्यावर बसवलेली स्प्रिंग हा एकच खांब चाकाला वरून धरतो, आणि खालून एक लोअर आर्म त्याला जागेवर ठेवतो. आर्मच्या चाकाकडील टोकाला बॉल जॉइंट, चौकटीकडील टोकाला रबरी बुश. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी एक लोखंडी कांब, म्हणजे स्टॅबिलायझर, बऱ्याच गाड्यांत असते आणि ती दोन छोट्या लिंकांनी बांधलेली असते. स्टिअरिंगची ओढ टाय रॉडमार्फत चाकाला पोहोचते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एवढाच संसार आहे. मात्र सांधे आता बंद असतात, ग्रीस भरण्याचा रिवाज उरला नाही, त्यामुळे रबर फाटून चिखल आत शिरेपर्यंत कोणी डोकावत नाही.

आवाजाचा पंचनामा

गॅरेजात जाण्यापूर्वी मालकाने एक काम स्वतः करावे. आवाज कधी येतो, ते पाहावे. आमच्या धंद्यात ताग्यात ऐब दिसला तर आम्ही आधी पाहतो की तो एकदाच आहे की ठरावीक अंतराने पुन्हा येतो. ठरावीक अंतराने आला तर फिरणाऱ्या रोलरचा दोष, सलग उभी रेघ आली तर फणीचा किंवा ताण्याचा. गाडीलाही हाच हिसाब लागू पडतो. चाकाच्या फेऱ्याबरोबर आवाज येत असेल तर दोष फिरणाऱ्या वस्तूत, म्हणजे टायर, रिम, बेअरिंग यांत शोधावा. १४५/८० आर १२ मापाच्या टायरचा एक फेरा साधारण १.६९ मीटरचा होतो. ताशी १० किलोमीटर वेगाने हे चाक सेकंदाला दीड-पावणेदोन वेळा फिरते, तेव्हा तेवढ्या लयीत खर्र-खर्र ऐकू आले तर टायरला फुगा आला आहे किंवा रिम वाकली आहे असा संशय घ्यावा. उलट खड्ड्यात पडल्यावरच आवाज येत असेल तर दोष न फिरणाऱ्या सांध्यांत आहे.

संथ चालीत, लहान लहान खडबडीवर पत्र्याचा डबा वाजावा तशी टकटक येते, ती बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या लिंकची किंवा त्याच्या रबराची असते. मोठ्या खड्ड्यात धाड असा एकच ठोका बसतो तेव्हा शॉकअप रिकामा झाला असावा, किंवा आतला रबरी ठोकळा तुटून गेला असावा. ब्रेक दाबताच एकदा आणि गाडी पुन्हा ओढताना एकदा असा ठोका येणे ही लोअर आर्मच्या बुशाची खूण आहे, मात्र कधी ब्रेकचे पॅड सैल असले तरी असेच होते. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले आणि स्प्रिंग ट्रंग करून वाजली तर शॉकअपच्या वरचे माउंटिंग बेअरिंग अडकले आहे. पूर्ण वळणावर अॅक्सिलरेटर देताना कटकट असा भराभर आवाज आला तर तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट होय. सस्पेन्शनशी त्याचा संबंध नाही. वेग वाढेल तसतशी घूं-घूं वाढत गेली आणि गाडी एका अंगाला झुकवली की कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग पाहावे.

एवढे कागदावर लिहून मिस्त्रीला दिले तरी त्याचे अर्धे काम होते. पण कान फसतोही. पत्र्यातून आणि चौकटीतून आवाज प्रवास करतो, उजवीकडचा ठोका डावीकडे ऐकू येतो. म्हणून कानानंतर हाताची पाळी.

उस्ताद मिस्त्री काय करतात

पाहण्यासारखे काम असते ते. एक जण उभ्या गाडीचे स्टिअरिंग हळूहळू फिरवतो, दुसरा स्प्रिंगवर बोटांची टोके अलगद ठेवतो. बोटे वेढ्यांच्या मध्ये घालावयाची नाहीत. झटका स्प्रिंगमध्ये लागला तर माउंटिंग, खाली टाय रॉडवर लागला तर त्याचे टोक. मग गाडी जॅकवर घेऊन तिच्याखाली भक्कम घोडी लावतात. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे गाडी देऊ नये. त्याच्या घरी बायको-मुले आहेत.

चाक वर-खाली धरून हलवले आणि ढिले लागले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोहोंपैकी कोणता? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर ढिले लागले तर टाय रॉडचे टोक किंवा स्टिअरिंगचा रॅक तपासावा. लोअर आर्मच्या बुशाला टॉमी लावून हलकेच तिरपी दाबली की रबर फाटले आहे की नाही ते डोळ्यांना दिसते.

स्टॅबिलायझरच्या लिंकबाबत एक बारीक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एकच चाक उचलले की कांब पिळली जाते आणि खराब लिंकसुद्धा ताणाखाली घट्ट लागते. म्हणून ती तपासताना दोन्ही चाके जमिनीवर हवीत किंवा दोन्ही उचललेली. तरीही शंका उरली तर दोन्ही लिंक सोडून, सुट्या झालेल्या कांबेची टोके कशालाही लागणार नाहीत अशी बांधून, गाडी मोकळ्या जागेत अगदी संथ फिरवून पाहावी. टकटक गेली तर चोर सापडला. गाडी वळणावर जास्त झुकते, तेव्हा अशा अवस्थेत ती रस्त्यावर न्यावयाची नाही.

खडू आणि टेप

टायर घासण्याचे निदान आवाजापेक्षा सोपे आहे, कारण घासणारी वस्तू खूण सोडते. टायरच्या खांद्यावर चकाकी येते, चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकवर काळी रेघ उमटते किंवा ते झिजून पातळ होते. खूण सापडत नसेल तर आमच्या धंद्यातला शिंप्याचा खडू कामास येतो. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खांद्यावर खडूचे जाड पट्टे ओढावेत, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी दहा-वीस पावले पुढे-मागे करावी, मग दुसऱ्या बाजूला. जिथला खडू पुसला गेला तिथे घासते. घासण माल भरल्यावरच होत असेल तर ही तपासणी माल भरूनच करावी, रिकाम्या गाडीत काही सापडणार नाही.

आतल्या बाजूला, पूर्ण वळणावरच घासत असेल तर टायर रुंद आहे किंवा रिम चुकीची आहे. बाहेरच्या बाजूला, खड्ड्यात पडल्यावर कमानीच्या काठाला घासत असेल तर स्प्रिंग बसली आहे, किंवा रिम बाहेर आली आहे. पुढच्या किंवा मागच्या बाजूच्या प्लॅस्टिकला घासत असेल तर चाक आपल्या जागेवरून पुढे-मागे सरकले आहे, आणि ही खूण गंभीर समजावी. सर्वांत स्वस्त कारणही विसरू नये. प्लॅस्टिकची एखादी क्लिप तुटून ते लोंबत असते, आणि पाच-दहा रुपयांच्या क्लिपेने सारा गोंधळ मिटतो.

टेपही आपल्या खिशात असतेच. गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून उभी करावी. दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतचे अंतर मोजावे. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजावे. चार-दोन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. बोटभर फरक आला तर काहीतरी वाकले, फाटले किंवा मोडले आहे.

हे का सांगतो, तर आमच्याच ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या गाडीची गोष्ट अशी झाली. माल घेऊन ते पवनानगर आणि तिकोणा पेठेला जात. पावसाळ्यानंतर डाव्या चाकाकडे ठोका येऊ लागला, आणि उतारावर ब्रेक दाबला की टायर घासे. एका गॅरेजात दोन्ही शॉकअप बदलले, हजारो रुपये गेले, ठोका तसाच. मग कोणी सांगितले की टायर मोठा आहे, म्हणून तो बदलण्याची तयारी चालली होती. अखेर त्या भागातल्या एका वयस्कर मिस्त्रीने काहीही न खोलता टेप लावली. डावे चाक उजव्यापेक्षा बोटभर मागे होते. लोअर आर्मच्या मागच्या बुशाचे रबर पूर्ण फाटले होते, त्यामुळे ब्रेक दाबताच चाक मागे सरके, आर्म चौकटीवर आपटे आणि टायर मागच्या प्लॅस्टिकला लागे. ठोका आणि घासण या दोन तक्रारी नव्हत्याच. बुश शॉकअपच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो. आम्ही त्या मिस्त्रीला विचारले की तपासणीचे किती घेतले. तो म्हणाला, "साहेब, बघायचे कोण देतो? बदलायचेच देतात."

या वाक्यावर आपण सर्वांनी विचार करावा असे आम्हाला वाटते. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय, सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजाची हजारो माणसे आहेत. ज्याला भाग बदलल्याशिवाय मजुरी मिळत नाही, तो भाग बदलणारच. हकीम नाडी पाहण्याचे पैसे घेतो, वकील कागद वाचण्याचे घेतो, मग मिस्त्रीने अर्धा तास गाडीखाली घालवून रोग ओळखला तर त्याची मजुरी का असू नये? आमचे मत असे की गॅरेजवाल्यांनी तपासणीचा दर दारावर लिहून लावावा आणि गिऱ्हाइकांनी तो तक्रार न करता द्यावा. यात कोणाचाच तोटा नाही. आणि मिस्त्री बांधवांना विनंती अशी की काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, बिल पक्के द्यावे. मोटारीच्या ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, तेव्हा कच्च्या बिलाची जुनी सबबही आता तेवढी उरली नाही.

मोठ्या टायरची हौस

तरुण मुलांना गाडी उंच आणि रुंद दिसावी असे वाटते. टायरवरचे आकडे वाचता आले तर ही हौस किती महाग पडते ते कळेल. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. याचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो. १८५/६५ आर १५ चा व्यासही सुमारे ६२१ च येतो. स्विफ्टच्या साध्या आणि महाग नमुन्यांत कंपनीने ही दोन मापे दिली ती उगाच नव्हे, व्यास सारखाच राखला आहे. आता कोणी १४ इंची रिमवर १८५/८० चढवला तर व्यास ६५२ च्या घरात जातो. म्हणजे टायर प्रत्येक बाजूने १६ मिलिमीटर कमानीच्या जवळ आणि रुंदीत दोन्ही अंगांनी सुमारे १० मिलिमीटर बाहेर-आत. शिवाय वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. दुकानदार "बसतो, बसतो" म्हणेल. रिकाम्या गाडीत तो बसतोही.

भरल्या गाडीची गोष्ट वेगळी, आणि कापड वजनाला फार फसवे. सुती पॉपलीन चौरस मीटरला १२० ग्रॅम धरले आणि पन्हा १.१ मीटर, तर २० मीटरचा तागा २.६ किलोच्या वर भरतो. असे १०० तागे म्हणजे सुमारे २६४ किलो, चार माणसांचे वजन. त्यावर चालक आणि एक नोकर. मागची सीट पाडून तागे रचणाऱ्याला वाटते की गाडीत माणसे तर दोनच आहेत. गाडीच्या कागदपत्रांत आणि दाराजवळच्या पट्टीवर वजन व टायरमधील हवेचे आकडे दिलेले असतात, भरल्या गाडीसाठी हवा वेगळी असते. तेवढे पाळले तरी पुष्कळ खटखटी जन्मालाच येणार नाहीत.

गाडी ताबडतोब थांबवावी असे तीन प्रसंग आहेत. बॉल जॉइंट ढिला असणे हा पहिला. तो निसटला की चाक बाहेर पडते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. दुधिवरे खिंडीच्या उतारावर हे झाले तर काय होईल, ते लिहावयास नको. दुसरा, स्प्रिंगचा वेढा तुटणे. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंग टायरच्या अगदी शेजारी असते, तुटलेले टोक टायर कापू शकते. गाडी एका कोपऱ्यात खाली बसली आणि त्याच दिवशी घासण सुरू झाली तर आधी तिथे बॅटरी मारून पाहावे. तिसरा, घासून टायरच्या बाजूच्या भिंतीतले धागे दिसू लागणे. बाकीचे आवाज आठवडाभर थांबू शकतात, हे तीन थांबत नाहीत.

जुन्या गाडीचा सौदा करणाऱ्या बांधवांसाठीही दोन शब्द. खटखटणाऱ्या गाडीच्या बुशाला तेल चोपडून, दोन दिवस आवाज दाबून ती विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. आपल्या शरीअतमध्ये मालातला ऐब लपवून विकणे जायज नाही, आणि ऐब निघाला तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क आहे. फिकहच्या किताबांत त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. कापडाच्या गादीवर आपण हे पाळतो, भोक असलेला तागा दाखवून, सूट देऊन विकतो. गाडीच्या बाबतीतही "लोअर आर्मचे काम निघाले आहे" असे सांगून हजार-दोन हजार कमी घेतले तर सौदा हलाल आणि गिऱ्हाईकही टिकते.

दुरुस्ती झाल्यानंतरच्या काही बाबी राहिल्या. शॉकअप नेहमी पुढचे दोन्ही जोडीने बदलावेत. स्प्रिंग उतरवण्यासाठी चांगला कंप्रेसर वापरावा. दोरी किंवा तार बांधून स्प्रिंग दाबणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत, सुटलेली स्प्रिंग माणसाचा जबडा फोडते. नीम हकीम खतरा-ए-जान म्हणतात ते हेच. लोअर आर्मच्या बुशाचे बोल्ट चाक हवेत लोंबत असताना पक्के आवळू नयेत, कारण गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट नुसते लावून गाडी चाकांवर उभी करावी, दोन-चारदा दाबून हलवावी, मग शेवटचा आवळा द्यावा. एवढी एकच गोष्ट विचारली तरी समोरचा मिस्त्री किती पाण्यात आहे ते समजते. आर्म, टाय रॉड किंवा शॉकअपला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय लांबचा माल भरू नये, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातील. शंभरेक किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत आणि खडूचे पट्टे ओढून एकदा पूर्ण वळण घेऊन पाहावे, डावीकडे आणि उजवीकडे, माल भरून.